पाय धुण्याचा गुरुवार

सरपणाची मोळी अंगणात टाकून दया आत आली आणि दारातच थबकली. तिचा नवरा, शाळेचे शांतवन मास्तर, कमरेला पंचा गुंडाळून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर काटवट, रोजचं भाकरीचं पीठ मळायची. आणि त्या काटवटीत धाकट्या यशयाचे दोन्ही पाय.

"अवो, ह्ये काय चाललंय?"

"हळू बोल," मास्तर म्हणाले. "उपासना चालू आहे."

उपासना! दयाने कपाळावर हात मारून घेतला. नगरच्या सभेहून मास्तरांनी तो कागद आणला, तेव्हापासून ईस्टरआधीचे हे लेंतचे दिवस तिच्याच मुळावर आले होते. उपासाच्या दिवसांत मुलांना नुसतं शास्त्र वाचून दाखवू नका, काहीतरी करून दाखवा, असं त्या कागदात लिहिलं होतं म्हणे. झालं! पहिल्या आठवड्यात पोरांना गूळ सोडायला लावला. लढाई सुरू झाल्यापासून घरात गुळाचा खडा आला नव्हता, तरी सोडला. मग चूल सारवायच्या मातीची, प्रभूला क्रुसावर दिलं ती कालवरी टेकडी झाली. मग बाभळीच्या काट्यांचा मुगुट झाला, आणि त्यातला एक काटा दयाच्या टाचेत मोडला तो अजून निघाला नव्हता. करून दाखवायचं मास्तरांनी, निस्तरायचं दयाने. आज प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा गुरुवार. आज काही ना काही निघणार, हे तिला आधीच कळायला हवं होतं.

काटवट घासून घेता आली असती. पण मग तिची नजर शेजारच्या घागरीवर गेली.

पहाटेपासून सूर्य डोक्यावर येईस्तोवर ती या घागरीसाठी गावविहिरीच्या खालच्या दगडावर बसली होती. तिचा हात दोराला लागून चालत नव्हता. गावातल्या कुणी बाईने पोहरा शेंदून वरून ओतला, तर पाणी. दयाच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता, पण विहिरीला त्याचं काही नव्हतं. त्यातून चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागलेला. आज एकच घागर मिळाली होती, ती रात्रीच्या भाकरीला आणि उद्या सकाळपर्यंत प्यायला.

"पपा, आता मी! मी पेत्र हाय!" आठ वर्षांचा एलिया काटवटीत उभा राहिला.

"शाबास. पेत्र काय म्हणाला?"

"तुमी माझं पाय कदीच धुवायचं न्हाई!"

"आणि प्रभू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मग पेत्र काय म्हणाला?"

एलियाला सगळं पाठ होतं. बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं. "मग नुसतं पाय नगं," तो ओरडला, "हात आन डोकं बी धुवा!"

"वा!" मास्तरांनी तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर उपडा केला. एलिया आनंदाने किंचाळला. यशयाने ते पाहिलं आणि भोकाड पसरलं, मला पन पेत्र व्हायचं. मास्तरांनी घागर तिरकी केली.

"अवो, पानी!" दया पुढे धावली, तोवर यशयाचंही डोकं भिजलं होतं.

थोरली रोझी कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पपा, प्रभूनं पाय धुतलं. पन त्ये पानी कुनी आनलं हुतं?"

मास्तरांनी बायबल उघडलं, ती ओळ शोधली, बोट फिरवून वरखाली पाहिलं.

"ते इथे लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

दयाला इतका संताप आला की तिचे डोळेच भरून आले. तिने घागर उचलून उलटी केली. चार थेंब पडले. रिकामी घागर तिने मास्तरांच्या गुडघ्यांशी ठेवली.

"जावा. दिस बुडून कडूसं पडायच्या आत बाया येत्यात हिरीवर."

"मी?"

"पंचा बांधलेलाच हाय."

मास्तर उठले. नगरच्या बोर्डिंगात नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. या गावात आठ वर्षं झाली, विहिरीकडे कधी फिरकला नव्हता. "लंकाबाई असेलच तिथे," ते म्हणाले. "तिच्या मुलाला, कानिफनाथला, बाराखडी मीच शिकवली. माझं नाव सांगतो तिला."

"नाव न्हाई सांगायचं."

"मग हाक मारू?"

"हाक बी न्हाई मारायची. काठाला शिवायचं न्हाई. खालच्या दगडावर बसायचं. कुनाच्या मनात आलं, तर वतत्यात."

"आणि नाही आलं तर?"

"बसून ऱ्हायचं," दया म्हणाली.

काटवटीतलं गढूळ पाणी तिने थेंबही न सांडता शेळीपुढे नेऊन ठेवलं. पोरं ओल्या डोक्यांनी दारात येऊन उभी राहिली. मास्तर घागर घेऊन निघाले होते. ती डोक्यावर घ्यायची, खांद्यावर की काखेत, हे त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत उमगलं नव्हतं.