लसूण घातलेली कणीक

रविवारी तिच्या गळाला आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला. तिने तो डोळे भरून पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडला. सोमवारी ऑफिसात आनंद पोटात मावेना, पण सांगणार कुणाला? ऑफिसच्या ग्रुपवर स्वतःचा गळासोबतचा फोटो टाकल्यापासून स्टोअरमधल्या दादाशी कोणी धड बोलत नव्हतं.

जेवताना नेमका तोच विषय निघाला.

"मजेखातर मुक्या जिवाच्या तोंडात आकडा अडकवायचा! माणसं आहेत का राक्षस?" अकाउंट्सच्या ताई कोंबडीची तंगडी तोडत म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही डोलावली.

तळ्यावर गळ टाकायला बंदी आणा म्हणून साहेबांनी तर सह्यांची मोहीमच काढली होती. ते तावातावाने बोलू लागले, "क्रूर तर आहेतच, वर अडाणी! परवा एक जण पुलाखाली गांडूळ लावून बसला होता. अहो, तिथला मासा गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला कणकेची गोळी लागते, लसूण घालून मळलेली!"

"शी! किती दुष्टपणा!" ताई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. त्यांच्यामागून साहेब सोडून बाकीचेही उठून गेले.

ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"साहेब, लसूण मीही घालते. काल त्यावरच लागला."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. उठून दार लोटून घेतलं.

"केवढा?"

दोन्ही हात पसरायला तिला डबा खाली ठेवावा लागला.