बंदरावरची माणसं

"रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय," ताई फोनवर म्हणाली, आणि धाकट्याच्या हातातली कवळी टेबलावर घरंगळली.

"सगळ्यांना म्हणजे?"

"अरे, बंदरावरच्या माणसांना. ज्यांनी मला उभं केलं त्यांचे आभार नकोत मानायला? तूही ये मदतीला."

धाकटा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. ताई पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर घसरून पाठीला मार बसला आणि ती अंथरुणाला खिळली. दिवसभर हातात मोबाईल. लोकांच्या सहली, लोकांचे वाढदिवस. अंगठा वर सरकायचा आणि ताई खाली जायची.

म्हणून त्याने तिला 'बंदर' दाखवलं. इंटरनेटवरच्या गटात लिहून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एकाने लिहिलं की दुसऱ्याने गोष्ट पुढे न्यायची. "तू खेळ. मला कुठला वेळ?" असं तो म्हणाला. ताई झाली बंदरावरची खाणावळवाली.

पण बंदराला ओहोटी लागली होती. सगळ्यांना रील्सची चटक. चार ओळी वाचायच्या म्हणजे जिवावर यायचं. कुणी नुसता बदाम टाकून पळायचा, कुणी बदाम मिळाले नाहीत म्हणून रुसायचा. ताईने जीव ओतून लिहिलेल्या वादळाला तर एकाने फक्त अंगठा दाखवला.

तेव्हा धाकट्याने गुपचूप खाती उघडली. नावाडी, भांडकुदळ मासेवाली, बहिरा पोस्टमन, थापाड्या वैद्य, सगळे तोच. जेवणाच्या सुट्टीत मासेवाली भांडायची, बसमध्ये वैद्य थापा मारायचा. ताई लिहू लागली, हसू लागली, काठी टेकत चालू लागली.

जुने सभासद एकेक करून गेले. नव्याने आलेला दीपगृहवाला तेवढा टिकला. तो सावकाश, समजून लिहायचा.

धाकट्याची बायको त्याला सोडून गेली होती. ताईला त्याने सांगितलं, "माहेरी गेलीय." खरं सांगितलं ते नावाड्याच्या तोंडून, दीपगृहवाल्याला. त्याने उपदेश केला नाही. रोज एवढंच विचारायचा, "नावाड्या, जेवलास का?" त्या प्रश्नाला खोटं उत्तर देववत नसे. म्हणून धाकटा उठून गॅस पेटवायचा. हे उपकार कसे फेडावेत, त्याला कळत नव्हतं.

गटावर आमंत्रण पडलं. मासेवाली म्हणाली, "बघते." पोस्टमनला ऐकूच आलं नाही. दीपगृहवाल्याने मात्र लिहिलं, "मी नक्की."

रविवारी धाकटा ठरवूनच गेला. ताईपुढे कान पकडायचे, सगळं कबूल करायचं. ती चिडेल, रडेल. पण निदान त्या भल्या माणसाचे हात तरी हातात घेता येतील.

ताईने दार उघडलं. हातात काठी नव्हती. टेबलावर दोनच ताटं मांडलेली.

"ताई, मला काही सांगायचंय."

"नंतर सांग. अन्न निवतंय."

"अगं, पण पाहुणे? निदान दीपगृहवाल्याची तरी वाट बघूया."

ताईने त्याच्या ताटात वाफाळता भात वाढला.

"बस मुकाट्याने, नावाड्या," ती म्हणाली. "सकाळपासून राबून त्यानेच केलाय स्वयंपाक."