आधी नाव, मग पत्ता

सकाळी आल्या आल्या तिने कोडमधल्या दोन शब्दांची अदलाबदल केली होती आणि आता कोण कुरकुरतं याची वाट पाहत बसली होती.

घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचा प्रोग्रॅम त्यांच्या ऑफिसात लिहिला जाई. कुठली बाई कुठे ठेवली आहे हे औषधं पोचवणाऱ्या ड्रायव्हरखेरीज कोणाला कळता कामा नये, असा दंडक. औषधाच्या पाकिटावरची चिठ्ठी छापण्यापुरतं बाईचं नाव आणि तिचा पत्ता क्षणभर एकत्र येत, की पुन्हा दोन्ही दोन दिशांना. त्या क्षणापुरती जी वस्तू, म्हणजे माहितीचं गाठोडं, कोडमध्ये लागे, ती तिने बिननावाची केली होती. एरवी प्रत्येक वस्तूला साचा असतो, साच्याला नाव असतं, आणि नाव घेतलं की कोणीही ती मागवू शकतं. हिला नावच नाही. हाक मारणार कोण?

तरी गेल्या आठवड्यात त्यातल्या एका बाईचा नवरा नेमका तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. बाई चिमुरडीला कडेवर घेऊन मागच्या दाराने पळाली. त्याआधीच्या घरीही तो असाच पोचला होता.

“नाव न देता लिहिलंस,” ऑफिसच्या मुख्य मॅडम तिला म्हणाल्या होत्या. “लपवाछपवी वाटते गं. मी काय समजायचं, तूच सांग.”

रात्रभर विचार केल्यावर तिला एक फट सापडली होती. याच प्रोग्रॅममध्ये आणखी कोणी ‘नाव’ आणि ‘पत्ता’ हेच दोन शब्द त्याच क्रमाने लिहून अशीच बिननावाची वस्तू केली, तर मशीन दोन्हींना एकाच साच्याची समजतं. मग छपाईच्या वाटेवर उभं राहून तिची वस्तू अलगद झेलता येते. म्हणून तिने आज क्रम उलटा केला. चिठ्ठीत काडीचाही फरक पडणार नव्हता. अडणार होतं ते फक्त झेलणाऱ्याचं.

आणि आज त्या बाईच्या तिसऱ्या घराची चिठ्ठी इथल्याच प्रिंटरवर छापायची होती.

खोलीत आणखी दोघंच. एक हेडफोन. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. कानावरचं ते काळं यंत्र तो जेवतानाही काढत नसे. दुसरा दादा. तिला पहिल्या दिवशी खुर्ची पुसून देणारा, कोड कसा वाचायचा ते शिकवणारा.

हेडफोन अचानक उठला. सरळ तिच्याकडेच आला.

“स्टेपलर आहे?”

“स्टेपलर?”

“कागद जोडतात त्याने. मोठा शोध आहे.”

तिने दिला. तो जाईपर्यंत ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. सबंध आठवडा तिने याच पाठीवर संशय घेतला होता. संशय घेतानाही मनाला टोचत होतं, पण घेतला होता.

जेवणाची वेळ झाली. हेडफोन बाहेर गेला. दादा डबा न उघडता खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आला.

“काय गं, पाकिटांच्या तिथे आज काही हलवलंस का?”

“का रे दादा? चिठ्ठी चुकली का कुठली?”

“छे छे. सहज विचारलं.” तो हसला. “आहे तसंच राहू द्यावं बघ. आधी नाव, मग पत्ता. चालतंय त्यात खोड्या कशाला?”

तिने प्रिंटरच्या ट्रेमधून सकाळी खोट्या नाव-पत्त्यावर छापून पाहिलेली एक चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. वर नाव, खाली पत्ता. रोजच्यासारखीच.

“इथे तर तसंच आहे, दादा. तुला उलटं कुठे दिसलं?”

दादाने चिठ्ठीकडे पाहिलं. मग डब्याच्या झाकणाकडे. झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“तुझं काय चालत होतं आणि आज अडलं?” तिचा आवाज इतका हळू होता की तिलाच धड ऐकू आला नाही.

“माझ्यापुढे रडला गं तो,” दादा म्हणाला. “एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा. फक्त लेकीला बघू दे म्हणाला. दारातूनच बघून परत फिरतो म्हणाला.”

“दोन्ही वेळा?”

दादाने मान डोलावली.

“आणि ती पळाली ते कळलं तुला. तरी आज परत?”

“या वेळी पाया पडला.”

तेवढ्यात प्रिंटर घरघरला. चिठ्ठी बाहेर आली, अक्षरं वरच्या बाजूला. दादाची नजर तिकडे वळली. वळली म्हणण्याआधीच वळून झाली होती. तिने चटकन चिठ्ठीवर तळहात ठेवला.

“नाही बघत गं,” दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “शपथ. हे बघ.” आणि त्याने खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे केलं.

तिने तरी हात उचलला नाही. दुसऱ्या हाताने, त्याच्या पाठीवरची नजर न काढता, ती मॅडमचा नंबर लावत राहिली.