उलट रोवलेली काठी

“कुंपण गुरांना घालतात,” सासरे दारातूनच म्हणाले.

“तुम्हाला कुठे घातलंय, नाना? तुमच्या हाताला घातलंय,” सून म्हणाली आणि बाजूला झाली.

नजर गेल्यापासून नाना कुणाच्या तरी दंडाला धरूनच बाहेर पडायचे, आणि धरावं लागतं म्हणून हल्ली पडेनासेच झाले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवलेल्या हाताला कुणी धरून चालवावं, हे त्यांना सोसत नव्हतं. सुनेने छाटणीच्या काठ्या तेवढ्या जाळू दिल्या नाहीत. एकेक तासून पायवाटेच्या कडेने रोवली, थेट बागेच्या टोकाच्या बाकापर्यंत, आणि हाताच्या उंचीवर आडव्या काठ्या काथ्याने आवळून बांधल्या. दिसायला यथातथाच.

“निम्म्या काठ्या उलट्या आहेत हो,” खिडकीत भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी वर्दी दिली. “बुंधा आभाळात, शेंडा मातीत. हिला कधी काही सरळ जमलंय?”

“सुरी बोथट होती, आई. बारीक टोक तासायला सोपं.”

नानांनी हात पुढे केला. पहिली काठी सापडली. मग दुसरी. सून मागे, हात पाठीशी बांधून. ते मोकळे राहिले असते तर आपोआप पुढे गेले असते.

“हे डाळिंब,” नाना पुटपुटले. “काटा ठेवलायस आठवणीने.”

तिला हसू आलं. पण चार पावलांवर ते थांबले. झालं. आता मागे फिरणार.

नानांचा अंगठा काठीवरून वर गेला, खाली आला. “वर जाड, खाली बारीक. हीपण उलटीच. तुती ना?”

“हो.”

ते हसले नाहीत. त्यांची दोन बोटं काथ्याच्या गाठीमागे शिरली आणि तिथेच राहिली. चिमटीत काहीतरी फार बारीक असावं, सुटलं तर सापडणार नाही, अशी.

“इकडे ये. काही दिसतंय?”

ती वाकली. गाठ तिनेच मारलेली. करडी, सुकी साल. “काही नाही.”

“डोळे मीट.”

त्यांनी तिचं बोट धरलं आणि गाठीमागे नेऊन टेकवलं. तिथे काहीतरी होतं. राळ्याच्या दाण्याएवढं, ओलसर, मऊ. सालीतून फुटून आधी खाली निघालेलं, उलट्या काठीवर निघणार तसंच; आणि नखभरही न जाता वळलेलं. वर.

“तू उलटी रोवलीस,” नाना हळू म्हणाले. “पण वर कुठे आहे, हे या कोंबाला कुणी सांगावं लागलं नाही.”

“काय झालं? पडलात का?” खिडकीतून आवाज आला.

तिने डोळे उघडले तेव्हा नाना पुढे निघून गेले होते. एकटेच. हात एका काठीवरून दुसरीवर, बाकाच्या दिशेने.

तिने डोळे पुन्हा मिटले. बोट गाठीमागेच होतं.