आरशातली तीट

मोनाली बियाण्यांच्या कंपनीत, सदा फिरतीवर. अमरावतीहून निघताना ती सव्वा वर्षाच्या रेवाला आरशासमोर धरून गालाला तीट लावायची. मागच्या खेपेला परतली, तर रेवानं तिला ओळखलंच नाही. आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. ते मोनालीच्या काळजातून जाईना.

आज सकाळी अकोल्याच्या लॉजवर ती वेणी घालायला बसली, तर आरशातल्या तिच्या गालावर तीट होती. तिनं गाल चाचपला. बोट स्वच्छच. आरसा पुसला. तीट तशीच.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "तुई पोरगी लय वांड हाये वं. काजळात बोट बुडवते अन् आरशाले तीट लावून राहिली. 'आई, आई' म्हन्ते."

मोनालीनं वर पाहिलं. आरशातल्या दुसऱ्या गालावर आणखी एक तीट हळूहळू उमटत होती.

तिनं गाल पुढे केला.