रडका हवालदार

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण आज टावर चौकात हवालदार ढसाढसा रडला," गोपाळकृष्णरावांनी घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. "हेल्मेट नाही म्हणून अडवलं. मी आपल्या पेन्शनची कर्मकहाणी ऐकवली, तर म्हणतो, 'बाबूजी, अब और मत रुलाइए, आप जाइए.' दंड माफ, वर चहा."

बायकोने, म्हणजे सुलूताईंनी, कौतुकाने मान डोलावली. आता एक जरी दंड झाला तर तो स्कूटर विकूनच भरावा लागेल, असं त्यांनी कालच बजावलं होतं.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला.

"अहो, तिथे हवालदार नाही, कॅमेरा असतो. चालान आलंय, फोटोसकट. हात मात्र अगदी भक्तिभावाने जोडलेत त्याच्यापुढे."