रिकाम्या सर्व्हरवरचा निरोप

प्रोग्रामिंग स्पर्धा तासाभरावर आली होती आणि सर्व्हर काही सुरू होत नव्हता. दरवर्षी हे काम दादाचं. यंदा तो तापाने फणफणून घरी पडला होता. म्हणून धाकटी बहीण लॅबमध्ये एकटीच बसून पेनड्राइव्हवरून एकेक सॉफ्टवेअर टाकत होती आणि तो फोनवरून आपल्या वहीतली यादी वाचून दाखवत होता.

"डेटाबेस टाकलास?"

"टाकला. तरी तुझा लाडका सर्व्हर रुसलेलाच आहे."

एवढ्यात पडद्यावर, स्पर्धकांच्या प्रश्नांसाठी असलेल्या चौकटीत एक ओळ उमटली. अजून एकाही संघाची नोंद झाली नव्हती आणि नेटवर्कची वायर तर खोक्यातच होती.

'चिमणे, ती यादी जुनी आहे. आधी कंपायलर टाक.'

चिमणी तिला फक्त दादा म्हणायचा. तिने कंपायलर टाकला आणि सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला.

"झालं रे! पण तापात लिहीत कशाला बसलास?" ती हसून म्हणाली.

"एका हातात फोन, दुसऱ्यात वही. लिहू काय नाकाने?" तो खोकत म्हणाला.

तिच्यासमोर दुसरी ओळ उमटली.

'त्याला आत्ताच्या आत्ता गोळी घ्यायला लाव. आजच्या दिवशी मी ती घेतली नव्हती.'